वाचकांचे प्रश्न : शंभर रुपये रात्री मुक्कामाला कुठे असतात?

प्रश्न : मॅडम, मी नागपूर विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'आफ्रिकेतील दोन देशांमधील वित्तीय संस्थांच्या विकासाची तुलना' हा प्रकल्प मला मिळाला आहे. केनिया आणि इथिओपिया एकमेकांचे शेजारी म्हणून तेच निवडले. बँकांची संख्या, शाखा, ठेवी, कर्जं यांचे तक्ते करून झाले. पण सर म्हणतात, "यात तुलना कुठे आहे?" पुढे काय लिहायचं तेच सुचत नाही. मार्गदर्शन कराल का?
– एक विद्यार्थिनी, हनुमाननगर

उत्तर : बेटा, सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण तुझे तक्तेही वाया जाणार नाहीत. सध्या ते बाजूला ठेव.

मी एकतीस वर्षं सहकारी संस्थांचे हिशेब तपासले. विदर्भातले किती तालुके त्या निमित्ताने पालथे घातले. त्यातून एक पक्कं कळलं की तेरीज, म्हणजे खात्यांच्या जमा-नावेची बेरीज, जुळली म्हणजे संस्था धड असते असं नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतले एक लाख ऐंशी हजार त्यांनी गावातल्याच एका पतसंस्थेत ठेवले, कारण ती घरापासून पाच मिनिटांवर होती आणि तिथला कारकून त्यांचा विद्यार्थी होता. त्या संस्थेची तेरीज दरवर्षी जुळायची. पैसा मात्र संचालकांच्या नात्यागोत्यात वाटून झाला होता. सात वर्षांत तुकड्यातुकड्याने साठ हजार हाती आले आणि उरलेले येण्याआधी वडील गेले. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं हे मला ठाऊक होतं. त्यांना सांगायचं राहून गेलं.

तेव्हापासून कुठलीही वित्तीय संस्था समोर आली, मग ती नागपूरच्या इतवारीतली असो की इथिओपियाच्या आदिस अबाबातली, मी तिला दोन प्रश्न विचारते. बाईच्या पदराच्या गाठीतले शंभर रुपये इथे आले, तर रात्री ते मुक्कामाला कुठे असतात? आणि मुक्कामी असताना कोणाच्या कामाला लागतात? तू तुझ्या दोन देशांना हेच विचार. माझी उत्तरं मी सांगते, पण तुझी तू शोध.

जावयांच्या नोकरीमुळे 2009 साली मी पाच महिने केनियाच्या नैरोबीत आणि 2016 साली अडीच महिने आदिस अबाबात राहिले. दोन्हीकडे दुपारी घरात बसवत नसे, म्हणून बाजारात जायची. जे दिसलं ते त्यातलंच.

केनियाची सुरुवात तू 1896 पासून कर. त्या वर्षी मोंबासा बंदरात 'नॅशनल बँक ऑफ इंडिया'ने शाखा उघडली. कलकत्त्यात जन्मलेली आणि पुढे लंडनला मुख्यालय हलवलेली ही बँक. युगांडाकडे जाणारी रेल्वे आत सरकली तशी बँकही आत गेली आणि 1904 मध्ये नैरोबीत पोचली. त्या काळी तिथे चलन होतं आपलाच रुपया. 1920 पर्यंत पूर्व आफ्रिकेत तो चालला. स्वाहिलीत आजही पैशाला 'पेसा' म्हणतात आणि दुकानाला 'दुका'. पण रुपया आपला असला तरी बँक तिथल्या माणसाची नव्हती. तिचा कारभार मळेवाल्या गोऱ्यांसाठी, रेल्वेसाठी आणि मोठ्या व्यापाऱ्यांसाठी. नैरोबीचा शेअर बाजार 1954 मध्ये सुरू झाला, तेव्हा आफ्रिकी आणि आशियाई माणसाला तिथे व्यवहारच करता येत नव्हता. स्वातंत्र्य मिळेपर्यंत हे चाललं.

1963 मध्ये स्वातंत्र्य आलं, 1966 मध्ये मध्यवर्ती बँक झाली. 1970 मध्ये सरकारने त्या जुन्या बँकेचा साठ टक्के हिस्सा घेऊन तिला 'केनिया कमर्शियल बँक' केलं. आपल्याकडे जुलै 1969 मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. मात्र केनियाने परदेशी बँकांना हाकलून दिलं नाही आणि खासगी बँकांना दार लावलं नाही. ही खूण वहीत करून ठेव, इथिओपियात हिची गरज पडेल.

याच काळात खालून दुसरंच काही उगवत होतं. कॉफीच्या आणि दुधाच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची मिळून 'को-ऑपरेटिव्ह बँक ऑफ केनिया' 1968 मध्ये कामाला लागली. शिक्षक, पोलीस, चहामळ्यांवरचे कामगार यांनी आपापल्या 'सॅको' काढल्या. सॅको म्हणजे आपली पगारदारांची पतसंस्थाच: पगारातून परस्पर कपात आणि साठलेल्या रकमेच्या तिप्पट कर्ज. नैरोबीत आमच्या इमारतीचा पहारेकरी मला म्हणाला होता, "बँक माझं ऐकत नाही, सॅको ऐकते." ते ऐकून मला वडील आठवले, कारण आपलं ऐकणारी संस्थाच आपल्याला बुडवूही शकते. केनियाने सॅकोंसाठी वेगळा कायदा केला 2008 मध्ये. ठेवी घेणाऱ्या सॅकोंना परवाना आणि तपासणी लागू झाली ती त्यानंतर.

आता पडझड. तुझ्या तक्त्यांत ही दिसत नसेल, कारण बंद पडलेली बँक पुढच्या वर्षीच्या यादीतून नाहीशी होते. 1980 आणि 1990 च्या दशकांत केनियात वशिल्यावर बँकांचे परवाने वाटले गेले. 1986 च्या सुमाराला आणि पुन्हा 1993 च्या सुमाराला बँका धडाधड कोसळल्या. नऊ बुडालेल्या संस्थांची मोट बांधून 1989 मध्ये 'कन्सॉलिडेटेड बँक' करावी लागली. 'गोल्डनबर्ग' घोटाळ्यात तर न झालेल्या सोन्या-हिऱ्यांच्या निर्यातीवर सरकारी तिजोरीतून अनुदान उचललं गेलं. लोकांचे शंभर शिलिंग (शिलिंग हे तिथलं चलन) ज्या कपाटात होते त्याची किल्ली चोराच्याच हातात होती. कुंपणाने शेत खाल्लं ते असं.

आणि त्याच राखेतून निघालेली एक संस्था तू जरूर अभ्यास. मुरांगा भागात 1984 मध्ये 'इक्विटी बिल्डिंग सोसायटी' नावाची घरकर्ज देणारी छोटी संस्था सुरू झाली. 1993 पर्यंत ती जवळजवळ बुडाली होती, निम्म्याहून अधिक कर्जं थकली होती. ती बंद झाली असती तर कोणी अश्रू ढाळले नसते. पण जेम्स म्वांगी यांच्या पुढाकाराने तिने आपलं गिऱ्हाईकच बदललं. मोठ्या परदेशी बँका खेड्यांतल्या शाखा गुंडाळत होत्या, तेव्हा ही संस्था गाडीत तिजोरी घालून बाजाराच्या दिवशी खेड्यात जायला लागली. किमान शिलकीची अट काढली. चहा वेचणारी बाई आणि भाजी विकणारी बाई तिथे खातेदार झाल्या. 2004 मध्ये तिला बँकेचा परवाना मिळाला, 2006 मध्ये ती शेअर बाजारात आली, आणि आज पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या बँकांत तिची गणना होते.

मग 6 मार्च 2007. सफारीकॉम या फोन कंपनीने एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची आणि ठेवण्याची सेवा, सुरू केलं. त्याविषयी तू पुष्कळ वाचलं असशील, म्हणून मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. पार्कलँड्समध्ये आमच्या फाटकाजवळ एक 'मामा म्बोगा' बसायची. भाजीवालीला तिथे असंच म्हणतात. तिच्याकडून मी 'सुकुमा विकी' नावाची पालेभाजी घ्यायची. या नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. पगार संपला की हीच भाजी खाऊन आठवडा काढायचा! तर एका दुपारी ती टोपली माझ्या भरवशावर ठेवून समोरच्या हिरव्या पाटीच्या टपरीत गेली. ओळखपत्र दाखवलं, पाचशे शिलिंग दिले, एजंटाच्या लांबट वहीत सही केली. तिच्या साध्या बटणांच्या फोनवर संदेश आला. पाच-सहा मिनिटांत गावाकडून आईचा फोन आला की पैसे मिळाले. आधी हेच पैसे ती बसच्या ड्रायव्हरकडे पाकिटात द्यायची. पाकीट पोचायचं, पण कधी हलकं होऊन पोचायचं.

मी हिशेब तपासणारी बाई. मी जावयांना पहिल्यांदा विचारलं ते हेच: फोनमध्ये राहिलेले पैसे रात्री कुठे असतात? उत्तर मला फार आवडलं. फोनमध्ये जितकी रक्कम दिसते, तितकीच खरी रक्कम व्यापारी बँकेतल्या एका विश्वस्त खात्यात पडून असते. ती फोन कंपनीची नसते आणि तिला ती कर्जाऊ देता येत नाही. त्या खात्यावरचं व्याजही कंपनीच्या नफ्यात जात नव्हतं, एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे जात होतं. मामा म्बोगाला ते मिळत नव्हतं, हा माझा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. पण मुद्दल सुरक्षित होतं. वडिलांच्या संस्थेत एवढी एक भिंत असती तरी मला पुरलं असतं.

हे घडलं तेव्हा केनियात यासाठी कायदाच नव्हता. मध्यवर्ती बँकेने 'आमची हरकत नाही' असं पत्र दिलं आणि जवळून लक्ष ठेवलं. 2008 च्या शेवटी बँकांनी ओरड केल्यावर अर्थमंत्र्यांनी तपासणी लावली, तीत व्यवस्था ठीक निघाली. रक्कम पाठवण्याच्या व्यवहारांचा स्वतंत्र कायदा आला 2011 मध्ये. म्हणजे आधी चालू दिलं, पाहिलं, मग नियम लिहिले. औपचारिक वित्तसेवा वापरणारे प्रौढ 2006 मध्ये 26.7 टक्के होते, 2021 मध्ये 83.7 टक्के झाले. या दोन आकड्यांच्या मधली पंधरा वर्षं हाच तुझ्या प्रकल्पाचा अर्धा भाग आहे.

आता इथिओपिया, आणि इथे तुला चष्मा बदलावा लागेल.

हा देश वसाहत झाला नाही, 1936 ते 1941 ची इटलीची पाच वर्षं सोडली तर. त्यामुळे बँक तिथे परक्या राज्यकर्त्याबरोबर आली नाही, राजाने बोलावली. सम्राट मेनेलिक दुसरे यांनी 1905 मध्ये करार केला आणि फेब्रुवारी 1906 मध्ये 'बँक ऑफ अबिसिनिया'चं उद्घाटन झालं. चालक मात्र इजिप्तची बँक आणि मक्तेदारी पन्नास वर्षांची. लोकांचा भरवसा कागदावर नव्हता, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या चांदीच्या नाण्यावर होता. तिथल्या चलनाचं नाव 'बिर'. अम्हारिक भाषेत बिर म्हणजे चांदी. आपला रुपयाही रौप्यातूनच आला, नाही का? सम्राट हैले सेलासी यांनी 1931 मध्ये ती बँक विकत घेऊन देशाची स्वतःची 'बँक ऑफ इथिओपिया' केली. आफ्रिकेत तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. पुढे 1963 च्या कायद्याने मध्यवर्ती बँक वेगळी झाली आणि व्यापारी काम 'कमर्शियल बँक ऑफ इथिओपिया'कडे गेलं.

1974 मध्ये राजा गेला, लष्करी 'दर्ग' राजवट आली आणि 1 जानेवारी 1975 रोजी बँका-विमा सगळं सरकारजमा झालं. ते दार उघडायला 1994 उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने खासगी बँकांना परवानगी दिली, पण फक्त इथिओपियन नागरिकांच्या. परदेशी भांडवल आत येऊ दिलं नाही. याला मागासपणा म्हणून निकालात काढू नकोस. त्यांच्या धोरणकर्त्यांनी शेजारच्या केनियात काय कोसळलं ते पाहिलं होतं, आणि परक्या बँका नफा घेऊन निघून जातील ही भीती पोकळ नव्हती. दुधाने तोंड भाजलं शेजाऱ्याचं, ताक यांनी फुंकून प्यायलं.

पण जाच फक्त परक्या बँकांनाच नव्हता, घरच्या खासगी बँकांनाही होता. 2011 मध्ये मध्यवर्ती बँकेने खासगी बँकांना फर्मान काढलं की जेवढं कर्ज द्याल त्याच्या 27 टक्के रकमेची आमची बिलं, म्हणजे कर्जरोखे, विकत घ्या. त्या बिलांवर व्याज 3 टक्के. ठेवीदाराला मात्र किमान 5 टक्के देणं बंधनकारक. म्हणजे प्रत्येक शंभरातल्या त्या हिश्श्यावर बँकेला सरळ तोटा. आणि ठेवीदाराचं काय? त्या वर्षी महागाई 30 टक्क्यांच्या वर गेली. 5 टक्के व्याज घेणाऱ्याचा पैसा वर्षभरात वितळत होता आणि तो कुठे चालला होता ते पासबुकात लिहिलेलं नव्हतं. हा नियम उठला 2019 मध्ये.

तो पैसा गेला कुठे? रस्ते, रेल्वे, साखर कारखाने, आणि नाईल नदीवरचं मोठं धरण. धरणाची पायाभरणी 2 एप्रिल 2011 ची, उद्घाटन 9 सप्टेंबर 2025 चं. क्षमता 5,000 मेगावॅटच्या वर. बाहेरची मोठी कर्जं मिळाली नाहीत तेव्हा कारकुनांनी पगारातून रोखे घेतले, आणि सरकारी कमर्शियल बँकेने मुख्य भार उचलला. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. गरीब देशाने आपल्या गाठीच्या पैशातून नदी अडवली! तुझ्या प्रकल्पात हे 'सरकारी हस्तक्षेप' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळलंस तर मला वाईट वाटेल.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आदिसमध्ये आमच्याकडे कामाला येणारी बाई तीन दगडांवर चूल मांडावी तशी निगुतीने कॉफी करायची: कच्च्या बिया भाजायच्या, कुटायच्या, मातीच्या 'जबेना'त उकळायच्या. कॉफी मुरेपर्यंत ती बोलायची. तिचे पैसे दोन ठिकाणी होते. एक कमर्शियल बँकेचं पासबुक. सरकारच्या '20/80' घरयोजनेत वीस टक्के रक्कम त्या खात्यात साठवायची, मग सोडतीत नंबर लागला तर उरलेल्या ऐंशी टक्क्यांचं कर्ज. तिने तीन वर्षं साठवलं होतं, नंबर लागला नव्हता. दुसरं ठिकाण म्हणजे मर्कातो बाजारातल्या ओळखीच्या बायकांची 'इकुब', अगदी आपली भिशी. मी विचारलं, "भावाला दुकान टाकायला पैसे लागले तर कुठे जाशील?" ती म्हणाली, "इकुबकडे." बँकेचा विचार तिच्या मनातही आला नाही. त्या शहरात तेव्हा त्याच बँकेची दोनशे मीटरहून उंच इमारत उभी राहत होती.

इथे तुझी तुलना सापडली. केनियात भाजीवालीचा पैसा सुरक्षित ठिकाणी होता आणि हाताशी होता. इथिओपियात कामवालीचा पैसा सुरक्षित होता, देशाच्या मोठ्या कामाला लागला होता, पण तिच्या हाताशी नव्हता. माझा कल केनियाकडे आहे, लपवत नाही. पण दुसरा प्रश्न, म्हणजे पैसा कोणाच्या कामाला लागला हा, विचारलास तर केनियालाही सोपं उत्तर देता येत नाही. 2016 मध्ये तिथे कर्जाच्या व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा घातली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की बँकांनी छोट्या माणसाचं कर्ज आखडतं घेतलं आणि सरकारी रोख्यांत पैसा घातला. नोव्हेंबर 2019 मध्ये ती मर्यादा काढावी लागली. त्याच्या आधी, 2015-16 मध्ये, आठ-नऊ महिन्यांत तीन बँका बंद पडल्या होत्या. तेव्हा 'केनिया पुढे, इथिओपिया मागे' असा शेवट करू नकोस.

इथिओपियाचा अलीकडचा भाग भरभर घे, अजून निकाल लागायचा आहे. सरकारी दूरसंचार कंपनीचं 'टेलेबिर', म्हणजे एम-पेसासारखीच फोनवरच्या पैशांची सेवा, मे 2021 मध्ये आलं, केनियाच्या चौदा वर्षांनंतर. 2023 मध्ये एम-पेसाही तिथे पोचलं. जुलै 2024 च्या शेवटी बिरचा दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलरला 57 च्या आसपास असलेला बिर काही आठवड्यांत शंभरीपार गेला. डिसेंबर 2024 मध्ये परदेशी बँकांना परवानगी देणारा कायदा झाला आणि जानेवारी 2025 मध्ये शेअर बाजार सुरू झाला. जागतिक बँकेच्या पाहणीत खातं असलेले प्रौढ 2014 मध्ये 22 टक्के होते, 2021 मध्ये 46 टक्के. 2021 मध्येच केनियात ते 79 होते. या पाहणीची मोजपट्टी आणि मघाच्या 26.7-83.7 ची मोजपट्टी वेगळी आहे. दोन्ही एका तक्त्यात घालू नकोस, सर लगेच पकडतील.

आता तक्ते परत काढ. वर्षांप्रमाणे लावू नकोस, वळणांप्रमाणे लाव. 1970 आणि 1975 शेजारी ठेव: दोघांनी सरकारीकरण केलं, पण एकाने दार उघडं ठेवलं. 1993 आणि 1994 शेजारी ठेव: एक कोसळत होता, दुसरा नुकता उघडत होता. 2007 आणि 2011 शेजारी ठेव: एकीकडे मध्यवर्ती बँकेने 'हरकत नाही' म्हटलं, दुसरीकडे '27 टक्के द्या' म्हटलं. तीन जोड्या झाल्या की प्रकरणांची नावंही तुला सापडतील.

प्रश्न : मॅडम, इतवारीत माझं किराण्याचं दुकान आहे. मोबाइलवरून कर्ज देणारे ॲप माझा पोरगा वापरून राहिला. तीन ठिकाणचं घेतलं, आता ते लोक माझ्या व्याह्यांना फोन करून राहिले. तुम्ही मागे केनियाचं मोठं कौतुक लिहिलं होतं. तिथं असं होत नाही का जी?
– एक दुकानदार, इतवारी

उत्तर : भाऊ, तिथेही झालं. कौतुक करताना मी ही बाजू थोडक्यात आटोपली होती, ते चुकलंच.

2012 च्या शेवटी केनियात 'एम-श्वारी' आलं: बचत फोनवर आणि कर्जही फोनवर, काही सेकंदांत. कर्ज तीस दिवसांचं आणि त्यावर साडेसात टक्के. त्याला व्याज न म्हणता शुल्क म्हणायचे, पण तुम्ही दुकानदार आहात, महिन्याचे साडेसात म्हणजे वर्षाचे नव्वद हे तुम्हाला मी सांगायला नको. ती तरी बँकेची सेवा होती. तिच्या पाठोपाठ कोणाच्याच देखरेखीत नसलेली ॲप आली. फोनमधली नावं उचलायची आणि थकलं की सासरच्यांना, साहेबांना फोन करून बदनामी करायची, हेच तिथेही चाललं. किरकोळ रकमेपायी हजारो लोकांची नावं थकबाकीदारांच्या यादीत गेली. शेवटी 2021 मध्ये कायदा बदलला, मार्च 2022 मध्ये नियम आले, आणि अशा सावकारांना मध्यवर्ती बँकेचा परवाना सक्तीचा झाला. नातेवाइकांना फोन करून छळणं नियमात बसत नाही.

आपल्या रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले. तेव्हा आधी पोराला समोर बसवा, रागावू नका, आणि तिन्ही ॲपच्या मागे कोणती कंपनी आहे ते कागदावर लिहून काढा. नोंदणी असलेली कंपनी असेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोंदणी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार द्या. धमकी किंवा फोटो पाठवण्याचा प्रकार असेल तर 1930 हा सायबर मदत क्रमांक लावा आणि ठाण्यात अर्ज द्या. आलेले संदेश पुसू नका. व्याह्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. आणि एक कर्ज फेडायला दुसरं ॲप उघडायचं नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटातल्या अकरा जणी वेगळी भिशीही चालवतो. आफ्रिकेतल्या बायकाही भिशी लावतात म्हणे. त्यांच्यात पैसे उचलून कोणी पळालं तर काय करतात? आमच्यात मागच्या वर्षी एकीने दुसराच नंबर घेतला आणि नंतर भरणं बंद केलं.
– बचत गटाच्या अध्यक्ष, कामठी

उत्तर : लावतात ताई, आणि मन लावून लावतात. केनियात गटाला 'चामा' म्हणतात. इथिओपियात दोन प्रकार आहेत. 'इकुब' ही पैशांची भिशी. 'इदिर' ही मरणाची: दर महिन्याला थोडे पैसे भरायचे, आणि कोणाच्या घरी मयत झाली की खर्च, तंबू, बाकडी, मोठी पातेली सगळं इदिरचं. शेजारणी तिथे जाऊन स्वयंपाक करतात. कामवाली बाई मला सांगायची की इकुब एखाद्या वेळी सुटली तरी चालेल, इदिर सोडायची नसते. शिकल्यासवरल्या बायकांनी पुढाकार घेऊन तिथे 2013 मध्ये 'एनात' नावाची बँकही सुरू केली. एनात म्हणजे आई.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इकुबमध्ये आहे. ज्या बाईची चिठ्ठी निघते तिच्या हातात लगेच रक्कम देत नाहीत. आधी तिने जामीन आणायचे, गटातलेच किंवा गटाला माहीत असलेले, आणि राहिलेले हप्ते तिने भरले नाहीत तर ते जामीन भरतील असं सगळ्यांसमोर कबूल व्हायचं. लवकर नंबर लागलेल्या बाईकडून जास्त हप्ते यायचे राहतात, म्हणून तिच्या जामिनांकडे जास्त बारकाईने बघायचं. नड असेल तर दोघी आपसांत नंबर बदलू शकतात, पण तेही बैठकीत, सगळ्यांदेखत.

तुम्ही अकरा जणी आहात. पुढची भिशी लावताना पहिल्या चार नंबरांना प्रत्येकी दोन जामीन घ्या आणि वहीत त्यांच्या सह्या घ्या. जिला सही येत नाही तिचा अंगठा घ्या, आणि अंगठ्याशेजारी तिचं नाव तिच्याच समोर वाचून दाखवून लिहा. मागच्या वर्षीच्या बाईचे किती हप्ते राहिले आहेत तेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर येऊ द्या. तिला बोलवा. महिन्याला शंभर रुपये जरी देऊ शकली तरी घ्या आणि पावती द्या.